‘आई काय करते?’ या प्रश्नाचं उत्तर

‘आरटीईत नंबर लागला, चांगली शाळा मिळाली; पण मुलाला आता आमची लाज वाटते.’ हे इतक्या पालकांकडून ऐकलंय, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई, २००९) खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. बाक एक झाला, घरं लांबच राहिली.

पुण्यातल्या एक ताई चार घरी पोळ्या करतात. चौथीतल्या मुलाने पालकसभेची चिठ्ठी दप्तरातच दडवली. वर्गात त्याने सांगितलं होतं, आई ऑफिसला जाते.

‘शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?’ मी विचारलं.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मी कामाला जाते ते कुणाला सांगू नकोस, म्हटलं होतं.’

पुढच्या भेटीत मुलगा बोलला. ‘आईच सांगू नको म्हणाली. म्हणजे ते काम वाईट असणार ना?’

ताईंनी त्याला जवळ ओढलं. ‘वाईट नाही रे. मीच घाबरले होते.’

मला वर्षानुवर्षं हेच दिसत आलंय: गरिबी मुलाला दिसतेच, पण तिची लाज वाटून घ्यायची हे तो घरातल्या कुजबुजीतून शिकतो. म्हणून बदल आधी मोठ्यांच्या बोलण्यात हवा.

‘आई काय करते?’ याचं उत्तर घरी मोठ्याने म्हणून बघा: ‘चार घरी पोळ्या करते.’ एवढंच. पुढे ‘पण लवकरच सोडणार आहे’ जोडलं, की लाज पुन्हा आत शिरते. वर्गमित्रांच्या वाढदिवसाला द्यायच्या भेटवस्तूची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, पन्नास रुपये तर पन्नास, आणि ती मुलाला सांगा. कर्ज काढून महागडं दप्तर घेऊ नका. हप्त्यावरून होणारी भांडणं त्याच्या कानावर पडतात आणि ओझं त्याच्यावर येतं. ‘त्यांची बरोबरी करू नकोस’ हेही नको, त्यातून तो स्वतःला खालचा समजायला लागतो. प्रोजेक्टच्या प्रिंटचा खर्च झेपत नसेल तर वर्गशिक्षकांना आधीच, मुलाला मध्ये न घालता सांगा.

मात्र सगळं मनावर ढकलू नये. शाळेने या मुलांची वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ ठेवली, तर ते नियमाविरुद्ध आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी. मोफत शिक्षणाचं बंधन आठवीपर्यंतच आहे, त्यामुळे नववीच्या फीचा विचार पाचवीपासूनच करा.

पुढच्या पालकसभेला ताई कामावरून थेट गेल्या. मुलगा फाटकाशी उभा होता.