निवृत्ती व्हिसासाठी लागणारी कागदपत्रे कोणत्या क्रमाने प्रमाणित करून घ्यावीत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, निवृत्तीनंतर पत्नीसह परदेशात राहण्याचा आपला विचार आहे. वाणिज्य दूतावासाने दिलेल्या यादीत जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, पेन्शनचे पत्र, बँकेचे स्टेटमेंट आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्यापुढे ‘प्रमाणित व अनुवादित’ एवढाच शेरा आहे. तेव्हा हे सगळे कागद एकदमच नोटरीकडे नेऊन त्यांवर अपॉस्टिल (परदेशात द्यायच्या कागदावरील सही व मोहर खरी असल्याचे सरकारी प्रमाणपत्र) लावून घेतले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. तसे चालणार नाही, कारण या यादीतील प्रत्येक कागदाचा मार्ग निराळा आहे आणि काही कागदांच्या बाबतीत नोटरीकडे जाणे हीच चूक ठरते.

मी आणि माझी पत्नी या प्रक्रियेतून गेलो आहोत आणि त्यानंतर काही परिचितांच्या फायली लावण्यासही मी मदत केली आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, ‘यावर कोणता शिक्का लागेल?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नये. प्रत्येक कागद हातात घेऊन आधी पाहावे की त्यावर सही कोणाची आहे, आणि ती सही आपल्या नोंदीवरून ओळखू शकेल असा अधिकारी कोण आहे. या दोन गोष्टी कळल्या की शिक्क्याचा प्रश्न आपोआप सुटतो.

याचे कारण अपॉस्टिलच्या स्वरूपातच आहे. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारापूर्वी परदेशात वापरायचा दाखला तो देणाऱ्या कार्यालयाकडून वरच्या खात्याकडे, तेथून परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि शेवटी संबंधित देशाच्या दूतावासाकडे असा फिरवावा लागे, आणि प्रत्येक पायरीवरचा अधिकारी आधीच्या अधिकाऱ्याची सही खरी असल्याचे लिहून देई. या कराराने ती सगळी साखळी एका प्रमाणपत्रावर आणली. हे प्रमाणपत्र चौरस असते, त्याची बाजू किमान 9 सेंटिमीटर असते, त्यावर क्रमांक घातलेल्या दहा ठरावीक नोंदी असतात आणि शीर्षक फ्रेंच भाषेतच असावे लागते. मात्र ते केवळ तीन गोष्टींची ग्वाही देते: सही खरी आहे, सही करणाऱ्याने ती कोणत्या पदाच्या नात्याने केली, आणि कागदावरील मोहर कोणाची आहे. मजकूर खरा असल्याचे ते सांगत नाही. म्हणून अपॉस्टिल लावलेल्या बँकेच्या स्टेटमेंटविषयीही दूतावासाचा अधिकारी शंका काढू शकतो, आणि तसे त्याने केले तर त्यात गैर काही नाही.

आता पहिले काम म्हणजे आपला कागद ज्या देशात तयार झाला तो देश आणि ज्या देशात तो द्यायचा आहे तो देश, असे दोन्ही या कराराचे सदस्य आहेत का ते पाहणे. आज एकशे वीसहून अधिक देश सदस्य आहेत, पण त्यांतील काही अलीकडेच आले आहेत: फिलिपिन्समध्ये करार 14 मे 2019 पासून, चीनमध्ये 7 नोव्हेंबर 2023 पासून आणि कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून लागू झाला. त्यामुळे ‘कॅनडाच्या कागदांना दूतावासाचाच शिक्का लागतो’ असा चार-पाच वर्षांपूर्वीचा सल्ला कोणी प्रामाणिकपणे दिला असला, तरी आज तो आपल्याला चुकीच्या दारात नेऊन उभा करील. दोन्ही देश सदस्य असले म्हणजे झाले, असेही नाही. नव्याने येणाऱ्या सदस्याविषयी जुना सदस्य आक्षेप नोंदवू शकतो आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारत 2005 मध्ये सामील झाला तेव्हा जर्मनीने असाच आक्षेप नोंदवला होता. हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावर सदस्यांची आणि आक्षेपांची यादी आहे. ती स्वतः पाहावी. करार लागू नसेल तर जुनाच मार्ग उरतो, म्हणजे परराष्ट्र मंत्रालय आणि त्यानंतर दूतावास, आणि त्याला वेळ बराच अधिक द्यावा लागतो. उलट, युरोपीय संघातील एका देशाचा जन्माचा किंवा विवाहाचा दाखला संघातील दुसऱ्या देशात द्यायचा असेल, तर 16 फेब्रुवारी 2019 पासून त्याला अपॉस्टिलची गरजच राहिलेली नाही.

यानंतर कागद निरनिराळे करावेत. जन्म, विवाह आणि पोलिसांचे प्रमाणपत्र हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत, कारण त्यांवर निबंधकाची किंवा सरकारी अधिकाऱ्याची सही असते आणि अपॉस्टिल त्या सहीला लागते. म्हणून घरातल्या जुन्या दाखल्याची छायाप्रत नोटरीकडून साक्षांकित करून घेण्यापेक्षा नोंदणी कार्यालयातून नवी प्रमाणित प्रत काढणे केव्हाही चांगले. साक्षांकित छायाप्रतीवर लागणारे अपॉस्टिल हे निबंधकाच्या सहीचे नसून नोटरीच्या सहीचे असते, आणि अनेक दूतावास नेमक्या याच कारणाने अशी प्रत परत करतात. ज्या देशांत अधिकारांची वाटणी आहे तेथे अपॉस्टिल देणारे कार्यालयही कागदागणिक बदलते. अमेरिकेत राज्याने दिलेल्या जन्मदाखल्यावर त्या राज्याचे कार्यालय अपॉस्टिल लावते, तर एफबीआयचे चारित्र्य प्रमाणपत्र संघराज्याच्या परराष्ट्र खात्याकडेच न्यावे लागते. राज्याच्या कार्यालयाला ती सही ओळखण्याचा अधिकारच नाही.

बँकेचे स्टेटमेंट, डॉक्टरांचे पत्र आणि खाजगी कंपनीचे पेन्शनपत्र यांवरील सही कोणत्याही सरकारी नोंदीत नसते. येथे नोटरी आवश्यक असतो, कारण नोटरीची सही लागल्यानंतरच त्या कागदाला अपॉस्टिल देणाऱ्या कार्यालयाच्या ओळखीची सही मिळते. नोटरीने नेमके काय केले पाहिजे, हेही आधी ठरवून घ्यावे: मूळ कागदाशी ताडून प्रत खरी असल्याचे लिहायचे आहे, की आपण त्याच्यासमोर प्रतिज्ञापत्रावर सही केल्याचे लिहायचे आहे. ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि दूतावासाला पहिले हवे असताना दुसरे दिले तर फाईल अडते.

पेन्शनच्या पत्राकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगतो, कारण निवृत्ती व्हिसाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. ऑनलाइन उतरवून घेतलेल्या पत्राखाली ‘हे संगणकनिर्मित आहे, सहीची आवश्यकता नाही’ असे छापलेले असेल, तर त्यावर अपॉस्टिल लावण्यासारखे काहीच नसते. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडून शाईची सही आणि सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा असलेले पत्र मागवावे लागते. त्या पत्राचा मजकूरही नियमाच्या भाषेत हवा. पनामाच्या पेन्शनधारक व्हिसासाठी दरमहा किमान 1000 डॉलर पेन्शन लागते आणि ती आजीवन असल्याचे पत्रात स्पष्ट असावे लागते. रक्कम लिहिली पण ‘आजीवन’ लिहिले नाही, तर पत्र अपुरे ठरते. स्पेनच्या उत्पन्नाधारित व्हिसासाठी, ज्यावर राहताना नोकरी-व्यवसाय करता येत नाही, तेथील सरकारी उत्पन्न निर्देशांकाच्या चौपट रक्कम अर्जदाराची आणि प्रत्येक अवलंबितासाठी आणखी एक पट अशी अट असते. हा निर्देशांक 2023 मध्ये दरमहा 600 युरो होता, म्हणजे एकट्याला 2400 आणि पती-पत्नींना मिळून 3000 युरो दाखवावे लागत. आपल्याबरोबर पत्नी असल्याने हा दुसरा आकडा आपल्याला लागू होईल, हे ध्यानात ठेवून पत्रातील रक्कम तपासावी.

वैद्यकीय प्रमाणपत्राचेही तसेच आहे. ‘प्रकृती उत्तम आहे’ असे डॉक्टरांनी मनापासून लिहिले तरी त्याचा उपयोग होत नाही. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका ठरेल असा कोणताही आजार नाही, असे वाक्य स्पेनला हवे असते. थायलंडला कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, अमली पदार्थांचे व्यसन आणि तिसऱ्या अवस्थेतील उपदंश नसल्याचा नावानिशी उल्लेख हवा असतो. म्हणून दूतावासाचा नमुना छापून डॉक्टरांकडे घेऊन जावे आणि त्याच शब्दांत पत्र देण्याची विनंती करावी.

आणखी एक प्रकार फारसा कोणी सांगत नाही, तो म्हणजे आपल्याच देशाच्या परदेशातील दूतावासाने दिलेली पत्रे. राजनैतिक व वाणिज्य दूतांनी केलेले दस्तऐवज हेग कराराच्या पहिल्याच कलमाने वगळलेले आहेत, त्यामुळे त्यांवर अपॉस्टिल लागत नाही; ज्या देशात राहायचे आहे तेथील परराष्ट्र मंत्रालयाकडून ते प्रमाणित करून घ्यावे लागतात. शिवाय अशा पत्रांवर कायमचे विसंबून राहता येत नाही. थायलंडमधील ब्रिटन व अमेरिका यांच्या दूतावासांनी 2019 च्या सुरुवातीपासून निवृत्तांना उत्पन्नाची पत्रे देणे बंद केले, आणि ज्यांची सगळी तयारी त्या एका पत्रावर होती त्यांना बँकेतील जमा रकमेचा पर्याय घाईघाईने उभा करावा लागला.

आता क्रमाविषयी. येथे खरी अडचण अशी आहे की, मिळायला सर्वांत उशीर लागणारा कागद हाच बहुधा सर्वांत लवकर शिळा होणारा असतो. तो म्हणजे पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र. गेल्या पाच वर्षांत आपण एकाहून अधिक देशांत राहिला असाल, तर प्रत्येक देशाचे स्वतंत्र प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, त्यांतील एखाद्यासाठी बोटांचे ठसे टपालाने पाठवावे लागतात, आणि अनेक दूतावास तीन महिन्यांहून जुने प्रमाणपत्र स्वीकारत नाहीत. हा काळ सामान्यतः दाखल्याच्या तारखेपासून मोजतात, अपॉस्टिलच्या तारखेपासून नव्हे. यावर उपाय एकच: दूतावासातील मुलाखतीची तारीख आधी मिळवावी आणि तेथून मागे मोजत यावे. जन्म व विवाहाचे दाखले आधी काढून ठेवता येतात, मात्र त्यांनाही दूतावासाने कालमर्यादा घातली आहे का ते पाहावे. त्यानंतर वेगवेगळ्या देशांची पोलीस प्रमाणपत्रे अशा बेताने मागवावीत की, सर्वांत उशिरा येणारे प्रमाणपत्र हाती येईल तेव्हा लवकर आलेल्यांची मुदत संपलेली नसेल. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि बँकेचे स्टेटमेंट अगदी शेवटी घ्यावे.

अनुवाद अपॉस्टिलनंतर करावा, कारण अपॉस्टिलवरील मजकुराचाही अनुवाद बहुतेक ठिकाणी लागतो. आधी अनुवाद करून घेतल्यास तो अपुरा ठरतो आणि खर्च दुप्पट होतो. अनुवादक कोण असावा हे पोहोचण्याचा देश ठरवतो. स्पेनला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला शपथबद्ध अनुवादक हवा असतो. कितीही जाणकार असला तरी बाहेरच्या अनुवादकाचे काम तेथे चालेलच असे धरून चालू नये.

नावांची तपासणी मात्र या सगळ्याच्या आधी करावी. पासपोर्ट, जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि पेन्शनचे पत्र समोरासमोर ठेवून प्रत्येक नाव अक्षरशः जुळवून पाहावे. आपल्या पत्नीचे विवाहापूर्वीचे नाव जन्मदाखल्यावर आणि नंतरचे पासपोर्टवर असेल, तर त्या दोहोंना जोडणारा दुवा विवाहाचा दाखला हाच आहे, म्हणून तो त्यांच्या अर्जातही स्वतंत्रपणे लावावा. स्पेलिंगमधील फरक शक्यतो मूळ नोंदीतच दुरुस्त करून घ्यावा. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही दूतावास मान्य करतात, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे.

अपॉस्टिल लागलेला कागद हाताळताना अपॉस्टिल त्याला जोडणारी पिन कधीही काढू नये, छायाप्रत किंवा स्कॅन काढण्यासाठीसुद्धा नाही; पिन काढलेल्या कागदाचे अपॉस्टिल दुसऱ्याच कागदाचे असू शकते, असा संशय घेण्यास वाव मिळतो. मूळ दाखला लॅमिनेट केलेला असेल तर नवी प्रत काढावी. प्रत्येक अपॉस्टिलची नोंद देणाऱ्या कार्यालयाला ठेवावीच लागते, आणि अनेक देशांत क्रमांक व तारीख घालून ती ऑनलाइन तपासता येते. एजंटाकडून काम करून घेतले असेल, तर कागद हाती आल्याबरोबर ही तपासणी स्वतः करावी. एजंट नेमण्यात काही वावगे नाही, विशेषतः कार्यालय दूरच्या शहरात असेल तेव्हा. पण कोणत्या कागदावर कोणाची सही हवी हे आपण ठरवून त्याला सांगावे, त्याच्यावर सोपवू नये.

शेवटी, जन्म व विवाहाच्या दाखल्यांचा आणखी एक अपॉस्टिल केलेला संच करून सोबत न्यावा. दूतावास मूळ कागद ठेवून घेतो, आणि तेथे पोहोचल्यावर निवास परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना तेच कागद पुन्हा मागितले जाण्याची शक्यता असते. परदेशी राहणाऱ्या पेन्शनधारकाकडून हयातीचा दाखलाही ठरावीक काळाने मागितला जातो. तो तेथे कोणाच्या सहीने चालेल, हे निघण्यापूर्वीच आपल्या पेन्शन कार्यालयाकडून लेखी घेऊन ठेवावे.