पेशी विभागल्यावर केंद्रकाचं आवरण परत कुठून येतं?

दादरच्या क्लासच्या नोट्समध्ये "टेलोफेजमध्ये आवरण पुन्हा दिसू लागते" (टेलोफेज म्हणजे विभाजनाचा शेवटचा टप्पा) एवढंच छापलेलं असतं, म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. तर पडदा शून्यातून नवा बनत नाही, विभाजनाच्या सुरुवातीला सीडीके-१ नावाचं एन्झाइम लॅमिन (पडद्याला आतून जाळीसारखा आधार देणारं प्रोटीन) वगैरे प्रोटीन्सना फॉस्फेट चिकटवतं, लॅमिनची जाळी सुटते आणि पडदा ईआरमध्ये म्हणजे अंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जातो. अ‍ॅनाफेज (क्रोमोसोम्स दोन बाजूंना ओढले जातात तो टप्पा) संपत आला की सीडीके-१ थंड, फॉस्फटेज नावाची एन्झाइम्स ते फॉस्फेट काढतात आणि तोच ईआरचा पडदा पावसाळ्यातल्या ताडपत्रीसारखा क्रोमोसोम्सवर पसरतो.

आता खरी गंमत, आपले ४६ क्रोमोसोम्स, मग ४६ छोटी केंद्रकं का होत नाहीत? बीएएफ नावाचं चिमुकलं प्रोटीन डीएनएला डीएनए बांधून वरून असा घट्ट थर करतं की पडद्याला मध्ये घुसायला जागाच मिळत नाही, तो बाहेरूनच गुंडाळला जातो.

तरी भोकं उरतात, कारण स्पिंडलचे, म्हणजे क्रोमोसोम्स ओढणारे, धागे अजून आरपार असतात, तिथे स्पास्टिन नावाचं प्रोटीन धागे कापतं आणि एस्क्रट-३ हा प्रोटीन्सचा गट भोक बुजवतो, हे तर २०१५ मध्ये कळलं. न्यूक्लियर पोअर, म्हणजे केंद्रकात ये-जा करायची दारं, मात्र मुद्दाम बसवलेले असतात, त्यातून लॅमिन आत येऊन जाळी परत विणतं.

आणि हो, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये हा खटाटोपच नाही, तिथे आवरण मोडतच नाही.