पुण्यात फ्लॅट घेताना आजूबाजूला नक्की काय बघायचं? राहणारे लोक कशाला महत्त्व देतात?

तुम्ही क्लबहाऊस, स्विमिंग पूल आणि 'हिल व्ह्यू' यांतलं काय महत्त्वाचं असं विचारलंय. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत बरीच वर्षं आहे. लोक फ्लॅट बघायला येतात तेव्हा काय विचारतात आणि राहायला आल्यावर कशावरून भांडतात, दोन्ही ऐकत आलोय. पूलवरून भांडण झालेलं मला तरी आठवत नाही. भांडणं होतात ती पाणी, पार्किंग आणि शेजारच्या मंगल कार्यालयातल्या डीजेवरून.

पाणी सगळ्यात आधी. महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. सूस, म्हाळुंगे, वाघोली, किरकटवाडी ही त्यातलीच. तिथे टॉवर आधी उभे राहिले, नळ मागून येतोय. तोवर टँकर, आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले, दूषित पाण्यावर संशय आला. तेव्हापासून पाणी किती वेळ येतं याच्या जोडीला ते कुठून येतं, हेही लोक विचारायला लागलेत. उशिराच म्हणायचं!

पण लोक जागा सोडत नाहीत त्याचं कारण वेगळं असतं. कोथरूड, सहकारनगर, डेक्कनकडच्या जुन्या इमारती बघा. कित्येकांना लिफ्ट नाही, पार्किंगची तर बोंबच. तरी तिथली माणसं हलायला तयार नसतात, कारण खाली उतरलं की किराणा, भाजीवाली, गिरणी, इस्त्रीवाला, डॉक्टर सगळं पायाखालचं. माझं मोजमाप साधं आहे: घरातली आजी कुणाला सोबत न घेता कुठवर जाऊन येऊ शकते? बाणेर-वाकडकडे माझ्या ओळखीत अशी घरं आहेत की गेटच्या आत छान जॉगिंग ट्रॅक आणि गेटबाहेर धड फूटपाथ नाही. समोरच्या मेडिकलमधून गोळ्या आणायला सत्तरीच्या काकूंना मुलगा ऑफिसातून यायची वाट बघावी लागते. पोरांचंही तेच. मेट्रो स्टेशन जवळ असणं उत्तम, पण तिथवर चालायला रस्ता हवा ना.

आता तुमचा 'हिल व्ह्यू'. पुणेकरांना टेकडी खिडकीतून बघण्यापेक्षा सकाळी चढायला हवी असते. वेताळ टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध 2023 च्या एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले, त्यात रोज फिरायला जाणारेच किती तरी होते. तेव्हा व्ह्यूचे जादा पैसे मोजण्याआधी एवढं बघा, की टेकडीवर जायची पायवाट तुमच्या बाजूने आहे का, आणि मधल्या रिकाम्या प्लॉटवर काय मंजूर आहे. तिथे उद्या बावीस मजले उठले तर तुमच्या व्ह्यूमध्ये समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे.

'रिव्हर व्ह्यू' म्हणाले तर जास्तच सावध राहा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर भागात माणसं गेली. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठा नदीचं पाणी घरांत शिरलं. निळी (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा कुठून जाते ते नकाशावर दाखवा म्हणायला अजिबात लाजू नका. नदी तर निदान दिसते, पण बुजवलेला ओढा कुणी दाखवत नाही. तो जुन्या गावकऱ्यांना विचारावा लागतो.

जागा बघायला शक्यतो मे महिन्यात जा, आणि तीही सेल्सवाल्यांच्या गाडीतून नको. शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, दिवसाला टँकर किती येतात. तो खरं सांगतो. मग संध्याकाळी सातच्या सुमारास, ट्रॅफिक ऐन भरात असताना, गेटपासून जवळच्या दवाखान्यापर्यंत चालत जाऊन या. जमलं तर आईलाही सोबत न्या.