यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाला फिट आली आणि दिसेनासे झाले, तर ते यकृतामुळेच असते का?

नेहमीच नाही. यकृत निकामी झाल्यावर अमोनिया वाढून येणारी गुंगी डॉक्टरांच्या इतकी परिचयाची असते की मेंदूचे प्रत्येक लक्षण तिच्याच खाती जमा होते. परंतु डोकेदुखी, फिट आणि विशेषतः डोळे निरोगी असूनही दृष्टी जाणे असे एकत्र दिसले, तर ‘पोस्टेरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपथी सिंड्रोम’ म्हणजे ‘प्रेस’चा विचार करायलाच हवा. १९९६ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून वर्णन झालेल्या या विकारात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन द्रव बाहेर झिरपतो आणि बहुधा मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते. रक्तदाब फारसा वाढलेला नसतानाही हे घडू शकते. सीटी स्कॅन सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो, म्हणून शक्य तितक्या लवकर एमआरआय करावा.

रक्तदाब वाढलेला असल्यास तो सावकाश उतरवतात आणि टॅक्रोलिमससारखे (अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाणारे) औषध कारणीभूत असल्यास ते बदलतात. फिटसाठी मात्र यकृताला अपायकारक ठरू शकणारे व्हॅल्प्रोएट टाळून बहुधा लेव्हेटिरासिटाम देतात. बहुतेकांची सूज काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. तथापि निदानाला उशीर झाला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर कायमचे नुकसानही राहू शकते.