ब्रिटिश अभिनेते पीट पोस्टलथ्वेट यांचं कोणतं काम आधी बघावं?

आधी 'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) बघा. खोट्या आरोपाखाली मुलासोबत तुरुंगात खितपत पडलेला आजारी, सोशिक बाप त्यांनी असा उभा केलाय की समोर मुलाच्या भूमिकेत डॅनियल डे-लुईससारखा कसलेला नट असूनही नजर यांच्यावरच खिळते. ऑस्करचं नामांकन याच कामाला मिळालं.

इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा हा माणूस लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये तयार झाला. वर आलेली गालांची हाडं, खोल डोळे. चेहरा हिरोचा नव्हताच. टीव्हीवरच्या 'शार्प' मालिकेत टोपीत बघून आईशी बोलणारा त्यांचा सार्जंट हेक्सविल अंगावर काटा आणतो. 'ब्रास्ड ऑफ'मध्ये (१९९६) हेच खाणकामगारांच्या बँडचे मास्तर! त्यातलं लंडनच्या अल्बर्ट हॉल या सभागृहातलं भाषण अजिबात चुकवू नका. जानेवारी २०११मध्ये, अवघ्या ६४व्या वर्षी ते कर्करोगाने गेले.