रात्री नऊचं ऊन

«प्रिय ताई, मी मूळची सांगलीची, पुण्यात जर्मन शिकते. चार आठवड्यांच्या उन्हाळी कोर्ससाठी हायडेलबर्गला आले आहे. पहिल्याच शनिवार-रविवारी हॉस्टेलमधल्या दोन भारतीय मैत्रिणींबरोबर पॅरिसला जाऊन आले. आता पुढचा बेत स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचा, त्यानंतरचा प्रागचा. मला जायचं नाहीये, पण नाही म्हटलं तर इथे एकटी पडेन. संध्याकाळी खोलीत रडू येतं. वर्गात तोंड उघडत नाही. दुकानात जर्मन बोलायला गेले की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. घरच्या ग्रुपवर आत्या विचारते, एवढी युरोपात गेलीस आणि स्वित्झर्लंड नाही बघणार? बाबांनी पैसे कसे उभे केले ते मला माहीत आहे. काय करू?»

अगं, आधी त्या संध्याकाळचं बोलू.

जुलैत तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी खिडकीत आपल्याकडच्या सहाचं ऊन. आणि तुझे नऊ वाजतात तेव्हा सांगलीत साडेबारा वाजलेले असतात, घर झोपलेलं असतं. ज्या वेळी आईशी बोलावंसं वाटतं नेमकी तेव्हाच आई मिळत नाही. तुझ्या रडण्यात निम्मा वाटा त्या साडेतीन तासांचा आहे. दुपारी एकला फोन कर, घरी साडेचारचा चहा चालू असेल. आणि नऊला खोलीत थांबूच नकोस. नदीच्या उत्तर काठाला नेकारवीझे नावाचं लांबच लांब हिरवळीचं मैदान आहे, उन्हाळ्यात तिथे संध्याकाळी पोरांचे घोळके पसरलेले असतात. एकटीच पुस्तक घेऊन बसलीस तरी कुणी वळून बघणार नाही. याच नदीकाठी १९०७ साली कवी इक्बाल जर्मन शिकत राहिले होते. इथल्या संध्याकाळवर त्यांची एक कविता आहे, तीत नदीपासून झाडांपर्यंत सगळं गप्प झालेलं आहे. काठावरच्या एका रस्त्याला आता त्यांचं नाव दिलंय. तेव्हा या गावात करमेनासं झालेली तू काही पहिली नव्हेस.

आता फिरण्याचं. तुझ्या पत्रात पॅरिसवर अर्धी ओळ आहे. जाऊन आले, एवढंच. काय पाहिलं, काय खाल्लं, काही नाही. मी समजू शकते. मी पहिल्यांदा परदेशी गेले तेव्हा एका दिवसात तीन चर्च उरकली होती, आज त्यातलं कुठलं कुठे होतं ते सांगता येणार नाही. शेंगेन व्हिसावर एवढे देश उघडे आहेत म्हणून ते सगळे याच महिन्यात पाहायचे, हे अमर्यादित थाळीत दहा वाट्या बासुंदी पिण्यासारखं आहे. (पिणारे पितात. मग रात्री ओवा शोधतात.)

इंटरलाकेनला जाऊ नकोस. प्रागलाही नको. माझं मत मागितलंस, ते हे.

त्या शनिवारी जुन्या पुलापलीकडची श्लांगेनवेग चढ. नावाचा अर्थच सर्पवाट, दगडी भिंतींमधून वळणं घेत वर जाते. दंडोबाचा डोंगर चढलेल्या सांगलीकरणीला काही अवघड नाही. वर फिलॉसॉफेनवेग, म्हणजे तत्त्वज्ञांची वाट, लागते आणि समोर नदी, पूल, लाल कौलं आणि तो पडका किल्ला, सगळं एकाच नजरेत येतं. जाताना मैत्रिणींना नेऊ नकोस, वर्गातल्या एखाद्या कोरियन किंवा ब्राझीलच्या मुलीला विचार. अशी कुणी, जिची आणि तुझी सामाईक भाषा मोडकी जर्मन हीच. दोघींचंही व्याकरण चुकेल, लाजायला कुणी उरणार नाही. तिच्याबरोबरच विद्यापीठाची जुनी कोठडीही बघ. १३८६ सालचं विद्यापीठ ते, रात्री दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःच कोंडून ठेवायचं. १९१४ पर्यंत हे चालू होतं. पोरांनी भिंती-छत चेहऱ्यांनी आणि नावांनी रंगवून टाकलंय. ते मजकूर जुळवून वाचण्यात जी जर्मन येईल ती पुस्तकात नाही. बाहेर पडावंसंच वाटलं तर श्पायर तासाभरावर आहे, तिथलं अकराव्या शतकातलं कॅथेड्रल बघून संध्याकाळी परत येता येतं.

इंग्रजीत उत्तर देणाऱ्यांवर रुसू नकोस. ते तुला मदत करत असतात. तू हसून जर्मनमध्येच पुढे बोल, किंवा सरळ सांग की मला सराव करायचाय. रोज एकाच बेकरीत जा. पहिल्या दिवशी «आइन ब्र्योटशेन, बिट्टे» म्हणताना जीभ अडखळेल. पाच-सहा दिवसांनी काउंटरवरची बाई चिमटा उचलतानाच विचारेल, «वी इमर?» नेहमीचंच ना? त्या दोन शब्दांना उत्तर देऊन बाहेर पडशील तेव्हा मला पत्र लिही.

रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आण. खोलीत पंखा नसेल, तर दिवसा खिडकीचं शटर खाली ओढून ठेव आणि रात्री खिडक्या सताड उघड. तिथले लोक तेच करतात.

मैत्रिणींना तोडायचं कारण नाही. तुम्ही जाऊन या म्हणावं, सोमवारी पिठलं-भात माझ्याकडे. फोडणी मात्र खिडकी उघडून आणि बेताच्या आचेवर कर, धुराचा अलार्म वाजला तर अख्खं हॉस्टेल जिन्यावर येईल.

राहिली आत्या. तिला गुंथर सोंथायमर यांची गोष्ट सांग. हे गृहस्थ हायडेलबर्गच्याच दक्षिण आशिया संस्थेत शिकवायचे. १९९२ साली वारले. मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन ओव्या ऐकल्या, खंडोबा आणि बिरोबा यांच्यावर आयुष्य घातलं. जेजुरीला एकदा जाऊन फोटो काढून परतले असते तर आज त्यांचं नाव कोण घेतं? आत्याचं कुलदैवत खंडोबाच असेल तर ती पुढे स्वित्झर्लंड काढायची नाही. आणि बाबांनी पैसे उभे केले ते जर्मनसाठी. दोन सहलींचे वाचतील ते त्यांना सांगून टाक, त्यांना बरं वाटेल.

ता. क. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या कचऱ्यात टाकतेस का? टाकू नकोस. सुपरमार्केटमधल्या यंत्रात घातल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायला विसरू नकोस.