निसर्गरम्य भागात सायकल टूरला जायचं आहे. आयोजित टूर कशी शोधायची आणि कशी निवडायची?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीच्या दिवशी तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवता, आता चार-पाच दिवसांच्या टूरला जावंसं वाटतंय. पण जाहिराती सगळ्या सारख्याच दिसतात आणि सगळं स्वतः आखायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मी बरीच वर्षं दोन्ही प्रकारे फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं पहिलं सांगणं हे की टूर शोधायच्या आधी रस्ता शोधा. कंपनी, तारखा, फोटो हे सगळं नंतर.

मी माझी पहिली टूर फोटो बघून घेतली होती. डोंगरांच्या मधोमध एक तळं, काठाने जाणारा अरुंद रस्ता, पाण्यात उतरलेलं आभाळ. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'रोज सरासरी ५५ किलोमीटर, काठिण्य मध्यम'. पंचावन्न मला जमत होते, म्हणून नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी चाळीस झाले, दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस, आणि तिसऱ्या दिवशी ७८ किलोमीटर, तेही १,४०० मीटर चढासकट. दुपारनंतर वारा समोरून सुटला. सामानाची गाडी पुढच्या घोळक्याबरोबर निघून गेली होती आणि मागे आम्ही तिघं होतो. शेवटच्या चढावर सायकली हातात धरून चाललो. ज्या तळ्यासाठी मी एवढ्या लांब आलो होतो, त्याच्या काठाने आम्ही रात्री गेलो. उजवीकडून पाण्याचा आवाज येत होता, एवढंच.

माहितीपत्रकात खोटं काही नव्हतं. पाच दिवसांची सरासरी खरोखरच पंचावन्न होती. पण सायकल सरासरीवर चालत नाही, त्या दिवसाच्या रस्त्यावर चालते. म्हणून आता मी आयोजकांकडे पहिल्यांदा मागतो ती प्रत्येक दिवसाची जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावर उघडता येणारी रस्त्याची नोंद. ती कोमूट किंवा राइड विथ जीपीएस या मार्ग आखायच्या ॲपवर उघडली की रस्ता आणि खाली चढ-उताराचा आलेख दिसतो. फाइल द्यायला कुणी नाखूश असेल तर निदान रोजचं अंतर, रोजचा एकूण चढ आणि सगळ्यात अवघड दिवस कोणता, एवढं तरी लेखी मिळालंच पाहिजे. तेही देत नसतील तर मी तिथे पैसे भरत नाही.

आलेख वाचायचा कसा? एक टक्का चढ म्हणजे किलोमीटरला दहा मीटर वर. तीन-चार टक्क्यांवर माणूस बोलत बोलत चढतो. सात-आठ टक्के लागले की बोलणं बंद होतं, आणि दहाच्या वर गेलं की भरलेल्या सायकलवर नवखा माणूस बहुधा उतरतोच. वेळेचा अंदाज मी असा काढतो: ताशी सोळा किलोमीटर धरून अंतराचे तास, दर १०० मीटर चढाला वर दहा मिनिटं, आणि थांबण्यासाठी दोन तास. दहा मिनिटं उगाच नाहीत. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले तर ते १०० मीटर वर न्यायला साधारण ८८ किलोज्यूल ऊर्जा लागते. सलग १२० वॅट जोर लावणाऱ्या माणसाला नुसत्या तेवढ्यासाठीच बारा मिनिटं लागतील. थोडा वेळ उतारावर भरून निघतो, म्हणून मी दहा धरतो. माझ्या त्या तिसऱ्या दिवसाला हे गणित लावलं तर नऊ तासांच्या वर जातं, आणि आम्ही निघालो होतो साडेनऊला. कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं.

एक बारीक गोष्ट. चढाचे आकडे वेगवेगळ्या ॲपमध्ये वेगवेगळे येतात, त्याने गोंधळू नका. रस्ता बोगद्यातून जात असेल तर काही ॲप डोंगराच्या माथ्याची उंची धरतात आणि आलेखात मध्येच एक सुळका उभा राहतो. पुलाचं उलट होतं, आलेख दरीत जाऊन वर येतो. असा सुळका किंवा खड्डा दिसला की नकाशा मोठा करून तिथे काय आहे ते बघा.

वाऱ्याचा उल्लेख जाहिरातीत कधीच नसतो, आणि सपाट प्रदेशात तोच सगळ्यात मोठा चढ असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तुम्ही ताशी वीसने चाललात आणि समोरून वीसचा वारा असेल, तर हवेचा विरोध शांत हवेच्या चौपट. म्हणून नावाजलेल्या मार्गांना दिशा ठरलेली असते. डॅन्यूब नदीकाठचा पासाऊ ते व्हिएन्ना हा टप्पा बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात: नदीच्या प्रवाहाबरोबर अगदी हलका उतार, आणि वाराही बहुतेक वेळा पाठीशी. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता माणसं आठवड्याभरात आरामात करतात. पहिल्या टूरसाठी नदीकाठासारखा रस्ता नाही, असं माझं ठाम मत आहे. नदी डोंगरातून गेली तरी पाणी चढ चढत नाही, आणि काठाचा रस्ताही बहुधा तिच्याच पातळीवर राहतो.

आता रस्ते सापडतात कुठे. खुणा केलेले लांब पल्ल्याचे सायकल मार्ग ही सगळ्यात भरवशाची जागा, कारण त्यांचे नकाशे खुले असतात आणि टप्पे आधीच कुणीतरी चालवून बघितलेले असतात. युरोपात युरोव्हेलोचं जाळं आहे, त्यातला सहा क्रमांकाचा मार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो आणि वर सांगितलेला डॅन्यूबचा टप्पा त्याचाच भाग. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये सायकल रस्त्यांच्या जोडांवर क्रमांक लावलेले असतात. सकाळी दहा-बारा आकडे चिठ्ठीवर लिहून निघालात की दिवसाचा रस्ता तयार. जपानमध्ये ओनोमिची ते इमाबारी हा शिमानामी काइदो जवळपास ७० किलोमीटरचा, बेटांवरून आणि समुद्रावरच्या पुलांवरून जाणारा. रस्त्यावर निळी रेघ आखलेली आहे, ती धरून जायचं. अमेरिकेत १९७६ साली आखलेला, ऑरेगनपासून व्हर्जिनियापर्यंतचा ट्रान्सअमेरिका मार्ग आजही चालवला जातो. तुमच्या मनात जो प्रदेश असेल तिथे असा खुणांचा मार्ग नसेल तर ओपनसायकलमॅप उघडा आणि स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे जास्त वापरातले रस्ते उजळ दाखवणारा नकाशा, बघा. सायकलवाले खरोखर कुठून जातात ते त्या उजळ रेघांवरून कळतं. मोठा हमरस्ता फिका आणि शेजारची आडवाट ठळक दिसली, तर स्थानिक लोक काय निवडतात ते समजून घ्या.

रस्ता पसंत पडला की मग त्यावर टूर कोण नेतं ते शोधा. 'आयोजित' या एका शब्दात तीन-चार वेगळे प्रकार येतात. एकात लीडर बरोबर असतो, मागे गाडी असते, मुक्काम-सामान सगळं त्यांचं. दुसऱ्यात मुक्काम ठरवून देतात, तुमची बॅग रोज पुढच्या मुक्कामी पोचवतात, नकाशा देतात, पण सायकल चालवताना तुमच्याबरोबर कुणी नसतं. याला सेल्फ-गाइडेड म्हणतात. खुणांच्या मार्गावर मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो, कारण कुठे किती वेळ रेंगाळायचं ते आपल्या हातात राहतं. तिसरा प्रकार हजारोंच्या जत्रेसारखा: आयोवा राज्यात १९७३ साली सुरू झालेली रॅगब्राय ही सात दिवसांची राइड राज्याच्या पश्चिम टोकापासून पूर्वेला मिसिसिपीपर्यंत जाते. माणसांची सोबत भरपूर, एकांत नाही. आणि चौथा प्रकार ब्रेव्हे, त्याला टूर समजून नाव देऊ नका. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास अशी मुदत असते, ठरलेल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा असतो आणि वाटेत जे होईल ते स्वतः निस्तरायचं असतं. मला ब्रेव्हे मनापासून आवडतात, पण तिथे देखावा बघायला थांबलेला माणूस मनात मिनिटं मोजत असतो.

आयोजकांना विचारायचे प्रश्न माझे ठरलेले आहेत. मागच्या खेपेला सगळ्यात शेवटचा माणूस अवघड दिवशी किती वाजता पोचला? गाडी पुढे असते की मागे, आणि त्यात बसायची पाळी आली तर एकावेळी किती सायकली चढतात? सगळ्यांच्या मागे राहणारा त्यांचा माणूस असतो का? रस्ता डांबरी किती, खडीचा-मातीचा किती? सायकल त्यांची असेल तर फ्रेमचं माप आणि मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची, सगळ्यात मोठी चकती किती दातांची? बत्तीस-चौतीसच्या खाली असेल तर चढाच्या टूरला मी दुसरी सायकल मागतो. पाऊस, दरड, आजारपण यात पैसे कसे परत मिळतात आणि अपघाताचा विमा कुणाचा, हेही लेखी घ्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी नीट ऐकतो. 'काळजी करू नका, सगळ्यांना जमतं' असं उत्तर आलं तर शेवटच्या माणसाकडे त्यांनी कधी बघितलेलंच नाही. 'सव्वापाचला पोचले, शेवटचे नऊ किलोमीटर गाडीत बसले' असं कुणी सांगितलं तर त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

देखाव्यासाठीच जायचं असेल तर दिशा आणि वेळ यांचाही विचार करा. समुद्र किंवा दरी आपल्या बाजूला हवी, म्हणजे आपण आणि पाणी यांच्यामध्ये गाड्यांची रांग येत नाही. वाहतूक डावीकडून असेल तर बेटाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फेरी मारायची, उजवीकडून असेल तर उलट. तैवानमध्ये वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून तिथे बेटाची प्रदक्षिणा घालणारे बहुतेक जण काट्यांच्या उलट जातात. दुसरं, पहाटे पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून गर्दीच्या रस्त्याने जाणं टाळा. सूर्य तुमच्या डोळ्यांत असतो तसाच मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही. पश्चिम उतारावरचा घाट सकाळी चढला तर सावली मिळते.

त्या तळ्याकडे मी दोन वर्षांनी परत गेलो, स्वतः आखून. मुक्काम अलीकडे सहा किलोमीटरवर ठेवला आणि उलट दिशेने, सकाळी सातच्या आधी निघालो. पाणी डाव्या हाताला, अगदी रस्त्याला लागून. वारा नव्हता. मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. काठाचे ते अकरा किलोमीटर करायला मला दोन तास लागले, कारण दर वळणावर पाय आपोआप खाली टेकत होता.

तुमच्या तयारीबद्दल. तीस-चाळीसची सवय असेल तर रोज पन्नासच्या आत, चढ पाचशे-सहाशे मीटरच्या आत, अशी टूर घ्या. पैसे भरायच्या आधी सलग दोन दिवस पन्नास-पन्नास चालवून बघा. पहिला दिवस सगळेच काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना काय वाटतं, त्यावरून टूरचं खरं कळतं. नवी सीट, नवे बूट, नवी पॅडवाली शॉर्ट असलं काही टूरच्या आधी महिन्याभरात बदलू नका. भाड्याची सायकल मिळणार असेल तर आपली सीट आणि पॅडल बरोबर न्या, आणि क्रँकच्या (पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये फोनमध्ये लिहून ठेवा. पॅडल काढताना एक ध्यानात ठेवा: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं.

आपली सायकल नेणार असाल तर दोन ट्यूब, पंप आणि लिव्हर सगळे सांगतीलच. मी त्याशिवाय एक मागच्या डिरेलरचा हँगर ठेवतो, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. सायकल आडवी पडली की आधी वाकतो तो हाच, आणि जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे वाटेतल्या दुकानात तुमच्या मापाचा मिळेलच असं नाही. तळहाताएवढाही नसतो, हँडलच्या पिशवीत एका कोपऱ्यात राहतो.

तुमच्या मनात कोणता मार्ग आहे ते, आणि मिळाले तर रोजच्या अंतर-चढाचे आकडे इथेच खाली लिहा. सगळ्यात अवघड दिवस आपण दोघं मिळून बघू.